टपाल की कुरियर? एका गोधडीचे गणित



'वाशी' म्हटले की तुमच्यापैकी निम्म्याजणांना नवी मुंबईचे वाशी आठवेल. मी लिहितो आहे ते आमच्या वाशीहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाहून. नावाच्या या सारखेपणामुळे पत्ता लिहिताना पिन कोडाची किंमत आम्हा वाशीकरांना चांगलीच ठाऊक आहे. आमच्या पिन कोडाचे पहिले तीन आकडे ४१३, तर नवी मुंबईच्या वाशीचे ४००. हे तीन आकडे चुकले की पत्र साडेतीनशे-चारशे किलोमीटर भलतीकडे जाते! ही पिन कोडाची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघाली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सुरू झाली. वेलणकर संस्कृतचे कवी म्हणूनही प्रसिद्ध होते.

पण आजचा विषय पिन कोडाचा नाही. गावातून निघालेली वस्तू देशाची वेस ओलांडून जाते, तिथला आहे.

दसरा नुकताच होऊन गेला होता. एकाच संध्याकाळी माझ्याकडे दोघे जण आले. पहिल्या आल्या शेजारच्या आजी. त्यांची लेक जर्मनीत असते. लेकीला मुलगा झाला होता. आजींना बाळंतपणाला जाता आले नव्हते, बारशालाही नाही. म्हणून त्यांनी दोन गोधड्या शिवल्या होत्या, एक लेकीला आणि एक नातवाला. दुकानातून बिस्किटांचा रिकामा खोका आणून त्यांनी त्या त्यात भरल्या होत्या.

"सर, तिकडं थंडी लई असती म्हणं," त्या म्हणाल्या. "पोष्टानं टाकू का कुरियरनं? आतून ह्यांच्या धोतराचं अस्तर हाय. हरवली तर दुसरी शिवता येणार न्हाई."

आजोबांना जाऊन तीन वर्षे झाली होती. मी खोका उचलून पाहिला. हलका होता, पण दोन्ही हातांच्या कवेत मावत नव्हता.

त्यांच्या मागोमाग आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला एक विद्यार्थी आला. त्याला जर्मनीतच एका विद्यापीठात प्रवेश घ्यायचा होता. गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती मोहोरबंद पाकिटातून तेथे पोहोचायला अवघे नऊ दिवस उरले होते. त्याचाही प्रश्न तोच: टपालाने पाठवू की कुरियरने?

दोघांचा देश एक, प्रश्न एक. पण उत्तर मात्र एक नव्हते. ते कसे, हे समजायला तुमचे नववी-दहावीचे पदार्थविज्ञान आणि बीजगणित पुरेसे आहे. चला तर, एकेक पायरी चढू या.

दोन रीती

प्रथम हे पाहू की टपालखाते आणि कुरियर कंपनी यांच्यात मूळ फरक कोणता.

टपाल म्हणजे हातोहात केलेले काम. विहिरीवरून आग लागलेल्या घरापर्यंत माणसे रांगेत उभी राहतात आणि बादली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, तसे. वाशीच्या टपालघरात दिलेले पार्सल रस्त्याने आणि रेल्वेने मोठ्या केंद्रावर जाते. परदेशी टपाल हाताळणारी खास कार्यालये देशातील मोठ्या शहरांत आहेत; मुंबईचे असे कार्यालय बॅलार्ड इस्टेट भागात आहे. तेथे सीमाशुल्क खात्याची तपासणी होते. मग ते विमानाने जर्मनीत उतरते, आणि तेथून पुढे आपल्या टपालखात्याचा संबंध संपतो. पुढची बादली जर्मन टपालसेवेच्या हातात!

पण जर्मन टपालसेवेने आपली बादली का घ्यावी? याचे उत्तर ९ ऑक्टोबर १८७४ या तारखेत आहे. त्या दिवशी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी एक करार केला. एकमेकांचे टपाल एकाच मुलखातले असल्यासारखे पोहोचवायचे, असे त्यात ठरले. त्यातूनच आजचा जागतिक टपाल संघ झाला. भारत १८७६ मध्ये त्यात सामील झाला. आज १९२ देश त्याचे सभासद आहेत, आणि ९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक टपाल दिन म्हणून पाळला जातो. प्रारंभी ज्या देशात तिकीट लागे त्याने सगळे पैसे ठेवावेत अशी पद्धत होती. पत्राला उत्तर येतेच, तेव्हा हिशेब आपोआप फिटतो असा विचार त्यामागे होता. पुढे काही देशांकडे येणारे टपाल जाणाऱ्यापेक्षा फार वाढले. म्हणून १९७१ पासून वाटपाच्या कामाबद्दल एका देशाने दुसऱ्याला मोबदला देण्याची पद्धत आली.

कुरियरची गोष्ट निराळी. तेथे बादली घेऊन एकच माणूस विहिरीपासून घरापर्यंत धावतो. १९६९ मध्ये अमेरिकेत डालसी, हिलब्लॉम आणि लिन या तिघांनी सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला जहाजाच्या मालाची कागदपत्रे विमानाने नेण्याचा धंदा सुरू केला. जहाज बंदरात येण्याआधीच कागद पोहोचत, त्यामुळे माल उतरवून घेण्यातला वेळ वाचे. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून झाले 'डीएचएल'. १९७३ मध्ये फेडरल एक्स्प्रेस या कंपनीने मेंफिस शहर मध्यवर्ती ठेवून सगळी पाकिटे रात्री तेथे आणायची, निवडायची आणि पुन्हा पाठवायची अशी रीत रूढ केली. यातले गणित पाहा. २५ शहरे प्रत्येकाला प्रत्येक अशी थेट जोडायची तर (२५ × २४) ÷ २ = ३०० मार्ग लागतात. त्यांतले एक शहर मध्यवर्ती केले, तर २४ मार्गांत काम भागते.

गंमत अशी, की ही दोन्ही घरे आता शेजारी आली आहेत. २००२ मध्ये डीएचएल ही पूर्णपणे जर्मन टपाल कंपनीच्या मालकीची झाली. तेव्हा आजींनी पार्सल टपालाने पाठवले, तरी लेकीच्या दारात ते देणाऱ्या गाडीवर कुरियरचेच नाव दिसण्याचा संभव आहे. आपल्याकडे टपालखात्याने १ ऑगस्ट १९८६ रोजी स्पीड पोस्ट सुरू केले, ते तातडीच्या वाटपात आपणही मागे राहू नये म्हणूनच. स्पीड पोस्टची परदेशी शाखाही आहे.

टपालाची एक गोष्ट आमच्यासारख्या गावाला फार मोलाची आहे. परदेशी टपालाचा दर वाशीच्या खिडकीवर जो, तोच मुंबईच्या जीपीओत. लहान गावात राहता म्हणून जास्त पैसे, असे नाही. कुरियरचे तसे नसते. लहान गावात पेटी घेणारा दुकानदार बहुधा एजंट असतो. तो पेटी मोठ्या शहरापर्यंत नेतो आणि तेथून ती कंपनीच्या हाती देतो. त्याचा खर्च आणि नफा आपल्याच बिलात येतो. म्हणून कोणत्या कंपनीने माल जाणार, पावती कोणाच्या नावाची, हे आधी विचारून घ्यावे.

पेटीतील हवेचे वजन

आता आजींच्या खोक्याकडे वळू. आम्ही तो वजनकाट्यावर ठेवला. भरले ३ किलो. मग पट्टीने मोजला: लांबी ५० सेंमी, रुंदी ४० सेंमी, उंची ३५ सेंमी.

घनफळ = ५० × ४० × ३५ = ७०,००० घन सेंमी.

टपालाच्या परदेशी दरांची घडण मुळात प्रत्यक्ष वजनावर असते. पेटीच्या आकाराला एक कमाल मर्यादा घातलेली असते, एवढेच. (काही टपालसेवांतही आता आकार धरतात, म्हणून खिडकीवर विचारणे बरे.) कुरियर कंपन्या मात्र दोन वजने काढतात. एक काट्यावरचे, आणि दुसरे 'घनफळी वजन'. यातले जे जास्त, त्यावर पैसे! घनफळी वजन काढण्याचे मोठ्या आंतरराष्ट्रीय कुरियर कंपन्यांचे नेहमीचे सूत्र असे:

घनफळी वजन (किलो) = लांबी × रुंदी × उंची (सेंमी) ÷ ५०००

आजींच्या खोक्यासाठी ७०,००० ÷ ५००० = १४ किलो. काट्यावर ३ आणि बिलात १४!

आजी म्हणाल्या, "आगं बाई, मग बाकीचं अकरा किलो काय हाय त्येच्यात?"

प्रश्न अगदी शास्त्रीय आहे. त्यात होती मुख्यतः हवा. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असते. सबंध खोका, म्हणजे ७० लिटर जागा, नुसत्या हवेने भरला तरी ती हवा सुमारे ८४ ग्रॅम भरेल. त्या हवेबद्दल आपण ११ किलोचे पैसे देणार होतो.

यात कंपनीची लबाडी आहे का? नाही. विमानाला दोन मर्यादा असतात: किती वजन उचलेल ही एक, आणि पोटात किती जागा आहे ही दुसरी. बोइंग ७७७ जातीचे मालवाहू विमान सुमारे १०२ टन माल नेते, आणि त्यात मालासाठी सुमारे ६५३ घनमीटर जागा असते. भागाकार करा: दर घनमीटरला सुमारे १५६ किलो. यापेक्षा विरळ माल भरला तर वजनाची मर्यादा येण्याआधीच जागा संपते. एस.टी.त कडब्याची पेंढी आणि लोखंडी पहार यांचे तिकीट वजनावर घेतले, तर कंडक्टरची काय अवस्था होईल, याची कल्पना करा! हवाई मालवाहतुकीत म्हणूनच ६००० ने भागण्याचा प्रघात आहे; म्हणजे दर घनमीटरला सुमारे १६७ किलो. कुरियरवाले ५००० ने भागतात, म्हणजे २०० किलो.

आता यातून एक सोपी रेषा मिळते. घनतेची व्याख्या तुम्हाला ठाऊक आहे: घनता = वस्तुमान ÷ घनफळ. दर घनमीटरला २०० किलो म्हणजेच दर घन सेंमीला ०.२ ग्रॅम. तुमच्या पेटीची घनता याहून जास्त असेल, तर कुरियर काट्याचे वजन धरील. कमी असेल, तर घनफळी. पाण्याची घनता १, लोखंडाची सुमारे ७.८. आजींच्या खोक्याची?

३००० ग्रॅम ÷ ७०,००० घन सेंमी = सुमारे ०.०४३

रेषेच्या कितीतरी खाली! मग आम्ही गोधड्या बाहेर काढल्या, घट्ट घडी घातली, वरून गुडघा टेकवून हवा घालवली, सुतळीने आवळल्या आणि ४० × ३० × २० सेंमीच्या खोक्यात बसवल्या. घनफळ २४,००० घन सेंमी. घनफळी वजन ४.८ किलो, घनता ०.१२५. अजून रेषेखालीच, पण चौदाचे पाच झाले. खोक्याचे पोट मात्र सुटू द्यायचे नाही, कारण कंपनी फुगवट्याच्या टोकापासून मोजते. उंची २० ऐवजी २३ सेंमी झाली, तर घनफळी वजन साडेपाच किलोच्या वर जाते.

दोन रेषा कोठे छेदतात?

आता पैशांचे पाहू. दर वारंवार बदलतात आणि देशादेशाला वेगळे असतात. म्हणून खरे दर मी येथे देत नाही, रीत देतो. ते तुम्ही त्या त्या दिवशी विचारून घालायचे.

दोन्हीकडे पहिल्या टप्प्याला मोठी रक्कम आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला ठरावीक रक्कम असते. पायऱ्या थोड्या वेळ विसरलो तर ही सरळ रेषा होते: y = a + bx. येथे x म्हणजे वजन, y म्हणजे खर्च. सर्वसाधारण अनुभव असा, की टपालाचा a लहान असतो. कुरियरचा a मोठा, पण जड पेटीला दर किलोमागे सूट मिळाल्याने b लहान होऊ शकतो.

केवळ उदाहरणासाठी समजा:

टपाल: y = ५०० + ८००x
कुरियर: y = २००० + ५००x

छेदनबिंदू काढा. ५०० + ८००x = २००० + ५००x, म्हणून ३००x = १५०० आणि x = ५. म्हणजे पाच किलोंच्या आत टपाल स्वस्त, त्यापुढे कुरियर. वहीत आलेख काढून पाहा, म्हणजे डोळ्यांना दिसेल.

पण थांबा! हा निष्कर्ष दोन्हीकडे x सारखाच असेल तेव्हाचा. आपल्या तिन्ही पेट्यांना तो लावून पाहू.

पहिली, सैल भरलेली गोधडी. टपालासाठी x = ३, खर्च २९०० रुपये. कुरियरसाठी x = १४, खर्च ९००० रुपये.

दुसरी, आवळून बांधलेली गोधडी. टपालाचा खर्च तोच, २९००. कुरियरसाठी x = ४.८, खर्च ४४०० रुपये.

तिसरी पेटी कल्पनेतली घेऊ. त्याच ४० × ३० × २० सेंमीच्या खोक्यात १२ किलो पुस्तके भरली. घनता ०.५, रेषेच्या वर; दोन्हीकडे x = १२. टपालाचा खर्च १०,१०० रुपये, कुरियरचा ८००० रुपये.

पाहिलेत? खोका तोच, देश तोच. आतला जिन्नस बदलला आणि उत्तर उलटले. "टपाल स्वस्त" किंवा "कुरियर महाग" असे जे लोक ठामपणे सांगतात, त्यांनी बहुधा आपल्या एकाच पेटीचा अनुभव सांगितलेला असतो. खरा प्रश्न 'कोण स्वस्त' हा नसून 'माझ्या पेटीची घनता किती, आणि ती छेदनबिंदूच्या कोणत्या बाजूला पडते' हा आहे.

किती दिवस लागतील?

आता त्या विद्यार्थ्याचे पाकीट. वजन जेमतेम २०० ग्रॅम, कागद घट्ट. घनतेचा प्रश्नच नाही. आपल्या वरच्या रेषांत x लहान, म्हणून टपाल खूपच स्वस्त. पण त्याचा प्रश्न वेगळ्या राशीचा होता: काळाचा.

चौकशी करताना आपण विचारतो, "साधारण किती दिवस लागतात?" हा सरासरीचा प्रश्न झाला. सरासरीवर मुदतीचे काम सोपवणे धोक्याचे. सरासरी चार फूट खोल नदीत बुटका माणूस उतरला तर बुडू शकतो, हे तुम्ही ऐकलेच असेल. एखादी सेवा कधी सात दिवसांत, कधी सतरा दिवसांत पोहोचवत असेल, तर तिची सरासरी बारा. पण नऊ दिवसांच्या मुदतीला ती सरासरी काय कामाची? येथे पाहायचे ते विचलन, म्हणजे सरासरीपासून दोन्ही बाजूंना किती फरक पडतो ते.

हातोहात चालणाऱ्या साखळीत हा फरक जास्त असतो, कारण प्रत्येक हाताजवळ थोडे थांबणे असते: या देशाची तपासणी, विमानातील जागा, त्या देशाची तपासणी, सणांच्या सुट्ट्या. एकट्याने धावणाऱ्याकडे हे थांबे कमी आणि त्याच्या ताब्यातले असतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक नियम सांगतो: मुदतीचे दिवस 'जास्तीत जास्त' दिवसांपेक्षा जास्त असतील तर स्वस्त मार्ग घ्या, नाहीतर जास्त पैसे मोजून फरक कमी करणारा मार्ग घ्या. कुरियरला आपण जे अधिक पैसे देतो, ते नुसत्या वेगाचे नसतात, बऱ्याच अंशी नेमकेपणाचे असतात.

साखळीला दुसराही धोका असतो. ती देशादेशांच्या करारांवर चालते, तेव्हा नियम बदलले की अडते. अमेरिकेने २०२५ मध्ये कमी किमतीच्या वस्तूंना असलेली आयातकराची सूट काढून घेतली. कर कोणी आणि कसा गोळा करायचा हे स्पष्ट नसल्याने आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेला जाणाऱ्या टपालाचे बुकिंग थांबवले. कर भारतातच आधी भरून घेण्याची व्यवस्था झाल्यावर १५ ऑक्टोबर २०२५ पासून सेवा पुन्हा सुरू झाली. म्हणून परदेशी काही पाठवण्याआधी 'त्या देशाची सेवा आज चालू आहे ना?' हा प्रश्न खिडकीवर पहिल्यांदा विचारावा.

तेरा खुणांचा क्रमांक

"पण पोष्टात ती कुठवर गेली ते कळंल का?" आजींनी विचारले.

कळते. परदेशी टपालाच्या क्रमांकात तेरा खुणा असतात: आधी दोन अक्षरे, मग आठ आकडे, मग एक तपासणीचा आकडा, आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. स्पीड पोस्टचा क्रमांक 'ई' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो आणि भारताचा असेल तर 'आय एन' या अक्षरांनी संपतो. जगभर हीच पद्धत असल्याने वाशीत चिकटवलेला क्रमांक जर्मनीतही वाचता येतो.

तपासणीचा आकडा कसा निघतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, आठ आकडे १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ आहेत. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणा आणि बेरीज करा:

८ + १२ + १२ + ८ + १५ + ३० + ६३ + ५६ = २०४

२०४ ला ११ ने भागा. बाकी ६. आता ११ − ६ = ५. हा झाला तपासणीचा आकडा. (उत्तर १० आले तर ० घेतात, ११ आले तर ५.) कोणी चुकून पहिले दोन आकडे उलटे लिहिले, तर बेरीज २०६ होते, बाकी ८ आणि तपासणीचा आकडा ३ येतो. ५ आणि ३ जुळत नाहीत; यंत्राला चूक लगेच कळते. पावती जपून ठेवा असे सांगतात ते याच क्रमांकासाठी. कुरियरच्या क्रमांकाची घडण प्रत्येक कंपनीची आपापली असते, आणि मधल्या नोंदी बहुधा जास्त वेळा होतात.

जे कोणीच नेणार नाही

खोका पुन्हा भरताना त्यात एक डबा सापडला. शेजारच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरीचे पेढे! आजींनी हळूच ठेवले होते. ते काढावे लागले. युरोपीय संघातील देशांत बाहेरून पार्सलने येणारे दुधाचे पदार्थ खाजगी व्यक्तींना मागवता येत नाहीत, कारण त्यातून जनावरांचे रोग पसरण्याची भीती असते. येथे टपाल आणि कुरियर असा भेद नाही. सापडले तर सगळे पार्सल अडकते, आणि पेढ्यांपायी गोधडी जाते.

तशीच गोष्ट स्फोटक आणि ज्वालाग्राही वस्तूंची. आमच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण दिवाळीची आठवण म्हणून तेथली एक फुलबाजीही टपालाने किंवा साध्या कुरियरने विमानातून पाठवता येत नाही. आगपेटी, लायटर, अत्तराच्या बाटल्या, सुट्या लिथियम बॅटऱ्या यांवरही बंधने आहेत. विमानात लागलेली आग विझवायला विहीर नसते.

यानंतर यायची ती घोषणा. टपालात सी.एन. २२ किंवा सी.एन. २३ या नावाचा कागद असतो. कुरियरात बीजक असते. त्यात वस्तू काय, किती, वजन किती आणि किंमत किती, हे इंग्रजीत लिहावे लागते. २०२१ पासून युरोपला जाणाऱ्या टपालातील वस्तूंची ही माहिती संगणकाने आधीच पुढे धाडावी लागते, तेव्हा नुसते 'भेटवस्तू' लिहून भागत नाही. जर्मनीत एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला आलेली ४५ युरोपर्यंतची भेट करमुक्त असते. त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला कर पडतो. कुरियर कंपनी तो कर आधी भरते आणि त्यावर आपले सेवाशुल्क लावून घेणाऱ्याकडून वसूल करते. टपालातही काही देशांत असे शुल्क असते. म्हणजे पाठवणाऱ्याने दिलेले पैसे हा पुरा खर्च नव्हे. लेकीच्या दारात बिल जाणार नाही ना, हेही पाहायला हवे.

"किंमत किती लिहू?" मी आजींना विचारले.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जुन्या कापडाची हाय. बाजारात कोन काय देनार?"

आम्ही लिहिले: जुन्या सुती कापडाची, हाताने शिवलेली गोधडी, नग दोन, आणि बाजारात मिळेल तेवढीच प्रामाणिक किंमत. वस्तू हरवली तर मिळणारी भरपाई टपालात आणि कुरियरात, दोन्हीकडे, मर्यादित असते. आजोबांच्या धोतराची भरपाई तर कोणत्याच कागदात बसत नाही. म्हणून अशा वस्तूसाठी पुढचा कागद मनापासून भरायचा: पाठवणाऱ्याचा पत्ता. घेणारा भेटला नाही तर पार्सल परत येते ते याच पत्त्यावर. मी त्यावर वाशी, जिल्हा धाराशिव असे लिहिले, पिन कोड दोनदा तपासला आणि तोच पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवली. वरचा कागद फाटला, तरी आतला राहतो.

मग काय ठरले?

गोधडी स्पीड पोस्टाने गेली. ती हलकी आणि विरळ, मुदत नाही, क्रमांक हाती, दर वाशीत आणि मुंबईत सारखा. विद्यार्थ्याचे पाकीट कुरियरने गेले. ते लहान, पण नऊ दिवसांची मुदत. आणि चुकली तर एक वर्ष वाया. त्याने दिलेले जादा पैसे त्या वर्षाचे होते. पाकीट पाचव्या दिवशी पोहोचले. गोधडीला तेरा दिवस लागले. रोज संध्याकाळी आजी पावती घेऊन येत आणि मी क्रमांक घालून पाहत असे. मधले चार दिवस तर नोंद एकाच जागी थांबली होती, आणि त्या चार दिवसांत 'विचलन' या शब्दाचा अर्थ मला पुस्तकापेक्षा जास्त कळला. चौदाव्या दिवशी लेकीने फोटो पाठवला. नातू गोधडीवर पालथा पडला होता.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार झाला. आपल्यासारख्या गावांतून तिकडे जाणारी मुले-मुली यापुढे वाढतील, आणि त्यांच्यामागे गोधड्या, पुस्तके, गुणपत्रिकाही जातील. तसेच २०२२ पासून टपालखात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. तेथून लहान कारागिरालाही आपला माल परदेशी विकायला पाठवता येतो. गावात असा प्रश्न कोणी घेऊन आले, तर त्याला ऐकीव सल्ला देऊ नका. हातात पट्टी आणि काटा घ्या, आणि चार प्रश्न विचारा: घनता किती? मुदत किती? वस्तू त्या देशात चालते का? घेणाऱ्याला काय पडेल? उत्तर बहुतेक वेळा आपोआप पुढे येते.

करून पाहा

१. एका खोक्याची मापे ६० × ४० × ३० सेंमी आणि वजन ९ किलो आहे. घनता आणि घनफळी वजन काढा. लेखातील कल्पित दरांनी कोणता मार्ग स्वस्त पडेल?

२. घनाकृती खोक्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर घनफळी वजन किती पट होईल?

३. आठ आकडे ३ ० ५ १ ७ २ ६ ४ असतील, तर तपासणीचा आकडा कोणता?

४. भरलेल्या दप्तराची मापे आणि वजन घेऊन त्याची घनता काढा. ते ०.२ च्या रेषेवर आहे की खाली? वर्गातील दहा दप्तरांची अशी नोंद करून तक्ता करा.

५. घरातील एक चादर सैल घडीत आणि घट्ट घडीत मोजा. वस्तुमान बदलले का? घनता किती पट झाली?

उत्तरे: (१) ०.१२५ ग्रॅम प्रति घन सेंमी, १४.४ किलो, टपाल ७७०० रुपये, कुरियर ९२०० रुपये, म्हणून टपाल. (२) आठ पट. (३) बेरीज १५९, बाकी ५, म्हणून ६. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच काट्यावर आणि पट्टीवर आहे.